फौजदाराची बदली

शेवटी नवऱ्याचा तिसरा नंबर आला. घरात माणसं दोनच असताना तिसरा नंबर पटकावायचा म्हणजे अंगात काहीतरी कर्तबगारी लागते. पहिला आला ससा. दुसरा जो आला तो घरातला नव्हताच, सामान हलवायला आलेला होता.

पण असं काही झालंच नाही. कसली स्पर्धा आणि कसले नंबर? एका जोडप्याने घर बदललं, इकडचं सामान तिकडे गेलं, एक कुंडी फुटली. संपलं. नवऱ्याला विचाराल तर तोही हेच सांगेल, फक्त सांगताना खिडकीबाहेर बघेल.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहायचा. कुणाच्या नळाला पाणी नसे, कुणाच्या नळाला फक्त आवाज असे, आणि एका बाईंच्या नळातून बेडूक आला होता तो खात्याने परत न्यावा अशी त्यांची मागणी होती. सगळ्यांना नवऱ्याचं उत्तर एकच: "आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून पुढील कार्यवाही सुरू आहे." कार्यवाही कुठेच सुरू नसे, पण वाक्य इतकं घोटीव होतं की वाचणाऱ्याची निम्मी तहान तिथेच भागे. बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. समोरचा माणूस हसला की ती आधी त्याच्या दाढा बघायची आणि मग विनोद कळायचा. नवरा तिला याच कारणासाठी आवडला असावा. त्याचे दात चांगले होते.

ससा बायकोचा, लग्नाआधीपासूनचा. लग्नाच्या दिवशी निघताना सासूबाईंनी डोळ्याला पदर लावून जावयाचे हात धरले होते. "माझ्या लेकराला जपा हो. फार भित्रं आहे."

"तुम्ही निश्चिंत राहा," नवरा भरल्या गळ्याने म्हणाला. "मी तिला काही कमी पडू देणार नाही."

"ती बघेल तिचं तिचं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातात पिंजरा दिला.

सशाचं नाव फौजदार. काहीही खुट्ट झालं की तो मागचा पाय जमिनीवर आपटायचा, धप्प, जणू आता सगळ्यांना आत टाकणार. आणि मग स्वतःच कपाटामागे जाऊन बसायचा. तो कुकरच्या शिट्टीला घाबरायचा, छत्रीला घाबरायचा, मिटलेल्या छत्रीला जास्त घाबरायचा, कारण ती केव्हा उघडेल याचा नेम नसतो. सशाचं काळीज म्हणतात ते त्याच्याकडे होतंच, पण ते त्याने अंगभर पसरवलं होतं. आणि सगळ्यांत जास्त तो नवऱ्याला घाबरायचा. नवरा त्याला कधी टोचून बोलला नव्हता. लग्न झाल्यापासून गाजराचा पाला म्हणू नका, कोथिंबीर म्हणू नका, जमिनीवर पालथं पडून सशासारखं नाक हलवणं म्हणू नका, सगळं करून झालं होतं. शेवटच्या प्रकारानंतर ससा दोन दिवस बायकोच्या मांडीवरून उतरला नव्हता. म्हणजे नवऱ्याच्या प्रयत्नांचा फायदाही सशालाच.

त्या मांडीचंच तर दुखणं होतं. बायको लॅबमधून दमून आली की दारातूनच हाक मारायची, "माझं पिल्लू कुठंय?" या हाकेतल्या 'पिल्लू' या पदावर नेमणूक नक्की कुणाची, याबद्दल नवऱ्याने सुरुवातीला एकदा गैरसमज करून घेतला होता. सोफ्यावरून "इथे!" असं ओरडला होता. बायको त्याला ओलांडून गेली होती.

आणखी एक गोष्ट. सशाला धक्का बसू नये म्हणून बायको प्रत्येक गोष्टीची त्याला आधी सूचना द्यायची. "फौजदार, आता आपण मिक्सर लावणार आहोत हं." "फौजदार, दारावर माणूस येणार आहे, दूधवाला आहे, ओळखीचा आहे." नवऱ्याला अशी सूचना कधीच मिळायची नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाने ड्रम शिकायला घेतला आणि सशाने खाणं टाकलं, तेव्हा बायकोने घर बदलायचं ठरवलं. ही बातमीही नवऱ्याला कळली ती अशी: तो दाढी करत होता आणि आतून बायकोचा आवाज आला, "फौजदार, आपण नवीन घरात जाणार आहोत हं."

"आपण म्हणजे कोण कोण?" नवऱ्याने अर्ध्या फेसातून विचारलं.

"अरे, तुलाही घेऊन जाऊ," बायको म्हणाली.

नवीन घरातून नवऱ्याच्या कार्यालयाला जायला दोन बस लागणार होत्या. याचीही नोंद घेण्यात आली.

*

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "घर बदललं की भित्रे ससे खाणं सोडतात, आणि सशाचं पोट रिकामं राहून चालत नाही. संध्याकाळपर्यंत तोंडात काही गेलं नाही तर तडक इकडे घेऊन या. पिंजऱ्यात त्याच्या सगळ्यांत लाडक्या माणसाचा न धुतलेला कपडा घाला. त्या वासावर तो नव्या घरात रुळेल."

बायकोने आपला जुना गाऊन काढून ठेवला. कुणाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच.

नवऱ्याच्या पोटात मात्र दुखलं. त्याने कार्यालयीन पद्धतीने विचार केला. ससा नव्या घरात ज्या वासावर रुळणार, तो वास ज्याचा, ससा त्याचा. जुन्या घरातली सगळी प्रकरणं बंद, नव्या घरात नवी फाइल. संधी ही एवढीच. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. त्याने आपला आभाळी रंगाचा शर्ट अंगातून न काढता तीन रात्री त्यातच झोपून काढल्या. तिसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला तेव्हा शर्ट तयार झाल्याची त्याला खात्री पटली.

सामान हलवायच्या दिवशी सकाळीच ट्रक आला. सोबत तीन हमाल. त्यांतला मुख्य जो होता त्याला बाकीचे दोघे पैलवान म्हणत. दारातून आत येताना तो आधी एक खांदा आत घ्यायचा, मग थोडं थांबून दुसरा. आवाज मात्र बाळाला झोपवल्यासारखा.

"वहिनी, या घरात प्राणी आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"ससा आहे. फार भितो हो तो. जरा आवाज बेताने करा."

"तो मला भितो तेवढंच मी त्याला भितो," पैलवान म्हणाला. "लहानपणी एक चावला होता. तुम्ही पिंजऱ्याला कडी घातलीय ना?"

बायकोला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. "बघ, किती मोकळेपणाने सांगितलं," ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्यालाही पालीची भीती वाटते हे त्याने किती तरी वेळा मोकळेपणाने सांगितलं होतं, खुर्चीवर उभा राहून सांगितलं होतं. पण ते असो.

कामाला लागण्याआधी पैलवानाने अंगातला शर्ट काढला आणि बाथरूमच्या दारामागच्या खुंटीला अडकवला. त्याच खुंटीला नवऱ्याचा तीन रात्रींचा शर्ट आधीपासून लटकत होता. पैलवानाचा शर्टही आभाळी. जगात रंग एवढे असताना. आणि बायको सकाळीच सगळे बल्ब काढून मोज्यांत गुंडाळून बसली होती, त्यामुळे बाथरूममध्ये काळोख.

बायको खाली ट्रकवाल्याला रस्ता समजावून सांगायला गेली तेव्हा नवऱ्याने वेळ साधली. पिंजऱ्यातला गाऊन उपसला, कुकरच्या खोक्यात कोंबला, अंधारात हात घालून खुंटीवरचा वरचा शर्ट ओढला आणि सशाखाली सरकवला. फौजदाराने धप्प केलं. मग त्याने शर्टाचा वास घेतला. मग त्याने शर्टात तोंड खुपसलं आणि, नवऱ्याने हे डोळ्यांनी पाहिलं, डोळे मिटले.

नवऱ्याचा ऊर भरून आला. इतकी वर्षं आपण स्वतः जाऊन बसत होतो ही चूक होती. नुसता शर्ट पाठवायला हवा होता.

*

ट्रक पुढे, टॅक्सी मागे. बायकोच्या मांडीवर टॉवेलने झाकलेला पिंजरा, नवऱ्याच्या मांडीवर घड्याळ, बादली आणि बादलीत इस्त्री. टॅक्सीने हॉर्न दिला, बायकोचा श्वास अडकला. पिंजऱ्यातून धप्प आलं नाही. तिने टॉवेलचा कोपरा जेमतेम उचलून पाहिलं.

"झोपलाय! अरे, हा गाढ झोपलाय!"

"असं का?" नवरा म्हणाला. अतिशय सहज म्हणाला.

"माझ्या वासाने. बघ ना, वासावरून ओळखतं रे लेकरू."

नवऱ्याने गालातल्या गालात हसून पुढे पाहिलं. पुढच्या ट्रकच्या हौद्यात, गाद्यांच्या ढिगावर पैलवान आरामात बसला होता. अंगात आभाळी शर्ट. शर्टाच्या बाह्या कोपरांच्या वर अडकलेल्या, आणि पुढची बटणं व काजं एकमेकांकडे लांबून बघत होती. खिशावर निळ्या शाईचा डाग. तो डाग नवऱ्याचा होता. बेडकाचं उत्तर लिहिताना पडलेला.

नवऱ्याचं हसू गालातच राहिलं. पैलवानाच्या अंगात आपला शर्ट. मग पिंजऱ्यात?

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, इथपर्यंत ठीक होतं. पण इथे गणपती स्वतःचा, माती स्वतःची, आणि माकड भलत्याच माणसाच्या नावावर झालं होतं. ज्याला सशाची भीती वाटते अशा माणसाच्या घामात फौजदार स्वर्गसुख भोगत होता. आणि बोलायची सोय नव्हती. शर्ट चुकला म्हणायचं तर गाऊन कुठंय हे सांगावं लागणार. नवऱ्याने बादली घट्ट धरली.

फोन वाजला. सासूबाई.

"फौजदार कसा आहे?"

"झोपलाय," नवरा म्हणाला.

"अगं बाई! गुणाचं माझं. आणि जावईबापू..."

"मीही बरा आहे."

"ते नव्हे, खिडकीची काच वर करा. वारं लागेल त्याला."

*

नव्या घरातल्या लहान खोलीत पिंजरा उघडला. बायकोने सूचना दिली, "फौजदार, हे आपलं नवीन घर हं." फौजदार बाहेर आला, त्याने घर पाहिलं, धप्प केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पलंगाच्या फळीमागे गेला. बायको कोथिंबीर घेऊन पालथी पडली. "ये ना रे. बघ, कोवळी आहे." ससा आणखी मागे सरकला. गाजराचा पाला झाला. सुकं गवत झालं. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तरी सशाने तोंडात काडी घेतली नाही, आणि बायकोचा आवाज बारीक बारीक होत गेला.

तेवढ्यात पैलवान डोक्यावर गादी घेऊन दारात आला. एक खांदा आत, मग दुसरा.

फळीमागून फौजदार निघाला. सरळ चालत आला, वाटेत बायकोच्या हाताला वळसा घातला, आणि जाऊन पैलवानाच्या पायावर बसला.

"वहिनी," पैलवान गादीखालून म्हणाला, "माझ्या पायावर काहीतरी ऊन ऊन आहे."

"हलू नका!"

"हलत नाहीये. ते चावणारं आहे का तेवढं सांगा."

"खाली बसा. हळू. ही कोथिंबीर धरा."

पैलवान डोक्यावर गादी तशीच ठेवून खाली बसला, डोळे घट्ट मिटून त्याने कोथिंबिरीची काडी पुढे केली, आणि फौजदार ती कुरूकुरू खाऊ लागला. काडी संपली. दुसरी संपली. मग त्याने पैलवानाचा अंगठा चाटला. पैलवानाच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोचे ओठ आवळले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि ती पैलवानाच्या अंगठ्याकडे असं बघत होती की तो मिळाला तर उपटून घेतला असता. ही नजर नवऱ्याच्या चांगलीच ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात दिसायची.

बायको त्याला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. "बघितलंस? अरे बोटाएवढा होता तेव्हापासून वाढवलाय मी त्याला! आजारी होता तेव्हा रात्र रात्र जागलेय! आणि या माणसाला भेटून एक दिवस झाला नाही तर अंगठा चाटतोय! माझा कधी चाटलाय?"

"छे," नवरा म्हणाला.

"आपण करायचं आणि लोकांनी उपटायचं. काय कमी केलं रे मी?"

"काही नाही," नवरा म्हणाला, आणि त्याला लग्नानंतर प्रथमच इतकं बरं वाटलं. एकट्याने जळणं वेगळं आणि जोडीने जळणं वेगळं. बायकोने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. सशाला ओलांडून, फक्त त्याच्याकडे आली होती ती. शर्टाचं कधीच सांगायचं नाही असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

बाहेरून ट्रकचा हॉर्न आला. पैलवानाला दुसरीकडे जायचं होतं. त्याने गादी उतरवली आणि पाय सोडवून घेतला तसा फौजदार पुन्हा फळीमागे. बायको नवी कोथिंबीर घेऊन गेली. धप्प.

"दोन काड्यांवर कसं व्हायचं?" ती रडकुंडीला आली. "पैलवान, थांबा ना हो."

"वहिनी, थांबलो असतो. पण तिकडे पियानो आहे, तिसऱ्या मजल्यावर."

"मग शर्ट ठेवून जा."

"आँ?"

"तुमचा शर्ट. त्याला तुमचा वास आवडतोय. हवं तर नवीन घेऊन देते."

"कशाला ठेवायचा," नवरा घाईघाईने म्हणाला. "भल्या माणसाचा शर्ट. सर्दी होईल त्याला."

"घ्या वहिनी, तसाही आटलाय हा," पैलवान शर्ट सोलून काढत म्हणाला. "तुमच्या त्या जुन्या बाथरूमची हवा फार दमट होती. तासाभरात एवढासा झाला बघा. चांगलं केलंत घर सोडलं ते."

बायकोने शर्ट फळीजवळ ठेवला. फौजदाराने नाक पुढे केलं, एकदा हुंगलं, आणि आजवर कुकरसाठीही आपटला नव्हता इतक्या जोरात पाय आपटून तो सरळ उघड्या पिंजऱ्यात पळाला. पिंजरा हलला, टॉवेल घसरला. आत, सशाच्या पोटाखाली, चादरीएवढा आभाळी शर्ट पसरलेला होता.

"हा तर माझा," पैलवान म्हणाला. "तरीच!"

"मग हा कुणाचा?" बायकोने फळीजवळचा शर्ट उचलला. वास घेतला. खिशावरचा डाग पाहिला. "आणि माझा गाऊन कुठंय?"

खोलीतल्या सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. फौजदारानेही.

"सदर प्रकरणी," नवरा म्हणाला, "चौकशी सुरू आहे."

"गाऊन कुठंय?"

"कुकरच्या खोक्यात."

बायकोने त्याचे दात पाहिले, कारण नवरा घाबरून हसत होता. "तीन दिवस तू हा शर्ट यासाठी घातला होतास? आणि मला वाटलं, तुला घर बदलायचं दुःख झालंय. मी काही बोलले नाही."

"तेही झालंच होतं. दोन बस आहेत."

"सशावर जळतोस तू?"

"नाही," नवरा म्हणाला. "म्हणजे, त्याच्यावर एकट्यावर नाही."

पैलवानाने खाकरून छताकडे पाहिलं. नवीन घराचं छत चांगलं आहे असं तो कुणालाही न विचारता म्हणाला.

शेवटी तोडगा बायकोनेच काढला, आणि तो इतका सरळ होता की कुणालाच विरोध सुचला नाही. पैलवान नवऱ्याचा शर्ट घालून, बटणं तशीच उघडी टाकून पियानोकडे गेला. सशाच्या पोटाखालून पैलवानाचा शर्ट काढला आणि तो नवऱ्याला घालायला लावला. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. मग नवरा खोलीच्या मधोमध मांडी घालून बसला, हातात कोथिंबीर, आणि फौजदार पिंजऱ्यातून उतरला, आला, आणि चढून नवऱ्याच्या मांडीवर बसला.

केवढी वाट पाहिली होती या दिवसाची. मांडीवर ऊन ऊन वजन, छोट्या नाकाची लगबग, कोथिंबिरीचा कुरूकुरू आवाज. जुडी संपत आली. नवऱ्याने हळूच खाली वाकून म्हटलं, "फौजदार, मी आहे हं." आवाज ओळखून ससा थबकला. त्याने शर्टात नाक खुपसून खातरजमा केली, पैलवानच आहे, आणि पुन्हा खायला लागला.

नवऱ्याला आता स्वतःच्याच अंगातल्या शर्टाचा मत्सर वाटत होता. असा माणूस शोधून सापडणार नाही.

बायको समोर खोक्याला टेकून बसली होती. ससा खातोय म्हणून तिचे डोळे भरले होते आणि नवऱ्याच्या अवताराने तिला हसू फुटत होतं. ती उठून त्याच्या शेजारी आली, खांद्यावर डोकं टेकायला वाकली, आणि वास येताच परत खोक्याला जाऊन टेकली.

"धुवायचा नाही हं तो," ती तिथूनच म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना विचारते किती दिवस घालावा लागेल ते."

"आणि मी?"

"तू काय?"

"मला केव्हा..." नवरा मांडीवरच्या सशाकडे बघत म्हणाला.

बायकोने मोज्यातून बल्ब काढला, खुर्चीवर चढली. "फौजदार," ती हळू आवाजात म्हणाली, "आता आपण दिवा लावणार आहोत हं." मग तिने जरा थांबून नवऱ्याकडे पाहिलं. "तूही दचकू नकोस."

सूचना मिळाली होती. आयुष्यातली पहिली. दिवा लागला आणि नवरा तरीही दचकला, आनंदाने. ससा नाही दचकला. मांडीला मुंग्या आल्या होत्या, हलायची सोय नव्हती, आणि बायको पाठमोरी होऊन खोक्यात गाऊन शोधत होती. अशा वेळी माणसाला जी भाषा येते त्याच भाषेत तो बोलतो. नवऱ्याने घसा साफ केला आणि मांडीवरच्या दोन लांब कानांमध्ये अगदी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली:

"माननीय फौजदारसाहेब यांच्या सेवेशी. विषय, 'पिल्लू' या पदावरील नेमणुकीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार हा सदर घरात लग्नापासून विनातक्रार राहत असून, आजपर्यंत त्याने आपणांस एकदाही चावलेले नाही. तरी सायंकाळी लॅब सुटल्यावर दारातून मारण्यात येणाऱ्या हाकेस ओ देण्याचा अधिकार आठवड्यातून किमान एक दिवस, आपल्या सोयीच्या वारी, अर्जदारास त्याच्या स्वतःच्या शर्टात देण्यात यावा, आणि त्या दिवशी आपण कपाटामागे हजर राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती."